चित्रात जेसीबी घ्यायचा की नाही? निसर्गचित्रं आणि बदलत चाललेलं हवामान

कुंचला
८ नोव्हेंबर, रात्री १०:५२

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो, थोडं लांबेल.

मी साताऱ्याकडे चित्रकलेचे क्लास घेतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं असतात, रविवारी मोठी मंडळी जलरंग शिकायला येतात आणि दर डिसेंबरात आम्ही सगळे मेणवलीच्या घाटावर बसून स्थळचित्रं करतो. वीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात सहावीतल्या एका मुलीला नेहमीसारखं सांगितलं, घराजवळचं निसर्गचित्र काढ. आपल्या सगळ्यांच्या हातात बसलेलं एक चित्र आहे ना, दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड, तसं काहीतरी येईल असं मी धरून चाललो होतो. हिने तसं काढलं नाही. तिच्या डोंगराची उजवी बाजू पायऱ्या पायऱ्यांनी कापलेली होती, मधल्या पायरीवर पिवळा जेसीबी, आणि खाली खडी क्रशरचा धुरळा, तो तर तिने पेन्सिल बोटाने पुसून पुसून केलेला. आणि मी काय म्हणालो, तर "छान आहे, पण तो जेसीबी नको घेऊस, चित्र बिघडतं." तिने मुकाट्याने खोडला. जेसीबी गेला आणि कापलेला डोंगरही तिने भरून टाकला, हिरवा.

ते हिरवं भरणं माझ्या डोळ्यासमोरून हलत नाहीये. जे रोज शाळेत जाताना दिसतं ते पुसायला मीच तिला सांगितलं. मग लक्षात आलं की मी स्वतः वीस वर्षं हेच करतोय. मेणवलीला घाट घेतो, घंटा टांगलेलं देऊळ घेतो, वाड्याची भिंत घेतो, पाण्यातलं प्रतिबिंब घेतो, आणि पाण्यावरची पिशवी, आडवी गेलेली केबल, पलीकडचं नवं बांधकाम हे सगळं डोळा आपोआप गाळतो. आम्हाला शिकवलंच तसं, नको ते सोडा, रचना साधा. चित्रकलेत निवड लागतेच, ते मला मान्य आहे. पण आता पाऊस ऑक्टोबर संपला तरी जात नाही, डोंगर पावसात खाली येतात, आणि आम्ही भिंतीवर लावायला अजून तेच स्वच्छ डोंगर रंगवतोय, हे काहीतरी चुकतंय असं फार वाटायला लागलंय.

तर विचारायचंय असं की आजचे चित्रकार, फोटोग्राफर, इन्स्टॉलेशन (जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती) करणारे लोक भूदृश्याचं काय करतायत? ज्यांनी बघितलंय, वाचलंय, ज्यांच्या गावात घडतंय त्यांनी जरूर लिहा.

रंकाळवेस
८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

सर, मनापासून लिहिलंय तुम्ही. आमच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान होऊन गेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, १९३१ साली वारले. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ हे त्यांनी परत परत रंगवलं, कधी सकाळचं ऊन, कधी तिन्हीसांजा. तेव्हा ते फक्त उजेडासाठी रंगवत असतील पण आज मी ती चित्रं बघतो तेव्हा पाणी बघतो. लहानपणी आम्ही रंकाळ्यात पोहलोय आणि नंतर त्याच तळ्यावर हिरवा तवंग आणि जलपर्णी बघितलीय, सांडपाण्याचा वाससुद्धा. म्हणजे जुनं साधं निसर्गचित्र नुसतं पडून राहिलं तरी साक्षीदार होतं असं मला वाटतं. तुमचे मेणवलीचे वीस डिसेंबरांचे कागद फेकू नका एवढंच सांगतो, तारखा टाकल्या असतील तर फारच उत्तम.

कुंचला
८ नोव्हेंबर, रात्री ११:४१

तारखा आहेत, सगळ्या आहेत. पण पाण्याची पातळीसुद्धा मी रचनेसाठी वरखाली केलीय हो, हेच तर दुखतंय.

वर्धाकाठ
९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, आता नोकरीसाठी नागपुरात. कापलेल्या डोंगराचं नाव आलं की मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचा मुलूख सपाट आहे. तरी माझ्या लहानपणच्या सगळ्या चित्रांत डोंगर आहे, आणि तो मी मनाने काढलेला नव्हता, तो खरंच घराच्या मागे होता. ओपनकास्ट खाणीतून कोळशाच्या वरची जी माती-दगड काढतात त्याचा ढीग, आमच्याकडे सगळे त्याला ओबी म्हणतात. दरवर्षी तो वाढायचा. मी एकदा आजोबांना म्हटलं आपला पहाड किती मोठा झाला, तर ते म्हणाले, "हे पहाड नोहे पोरी, आपल्या वावराच्या पोटातली माती होय." दुपारी ब्लास्टिंग व्हायचं तेव्हा भांडी वाजायची. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. आता त्या ओबीवर झाडं लावलीत आणि लांबून बघणाऱ्याला ती एकदम छान हिरवी टेकडी वाटते, कुंचला सर, तुमच्या विद्यार्थिनीने हिरवा भरला तसाच.

प्रभाकर पाचपुते हे नाव इथे आलंच पाहिजे. राजुरा तालुक्यातल्या सास्ती गावचे, १९८६ चा जन्म, घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत कामाला. खैरागडला आणि मग बडोद्याला शिकले, शिल्पकलेचे विद्यार्थी, पण जास्त ओळख झाली ती कोळशाने थेट भिंतीवर काढलेल्या प्रचंड चित्रांमुळे. माणसाचं धड आणि डोक्याच्या जागी खाणकामगाराचा दिवा किंवा एखादं यंत्र. जमीन कधी जनावरासारखी पाठ वाकवून उभी, कधी तिला पाय फुटलेत. साओ पाउलो, कोची, व्हेनिस अशा मोठमोठ्या बिनालेंमध्ये (दर दोन वर्षांनी भरणारी कलाप्रदर्शनं) त्यांचं काम गेलंय, वेल्समधलं आर्टेस मुंडी पारितोषिक २०२१ मध्ये त्या फेरीतल्या सहाही कलाकारांना मिळून दिलं गेलं त्यात ते होते, आणि वेल्स हासुद्धा बंद पडलेल्या कोळसा खाणींचाच देश.

एक गोष्ट मात्र नेहमी चुकीची सांगितली जाते की ते खाणीच्या कोळशाने काढतात. चित्राचा चारकोल हा लाकडी कोळसा, फांद्या बंद भांड्यात भाजून करतात तो. दगडी कोळसा वेगळा. पण दोन्ही शेवटी झाडंच, एक कालचं आणि एक कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, आणि हवामानाचा बराचसा घोळ त्या दुसऱ्याला इतक्या घाईने जाळल्यामुळे झालाय. मी त्यांचं काम पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या बाजूला उभे असलेले लोक स्वप्नातलं दृश्य वगैरे म्हणत होते. मला त्यात काही स्वप्नातलं दिसलं नाही, मला घरामागची ओबी दिसली.

अनुस्वार
९ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

वर्धाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भिंतीवर थेट काढलेलं चित्र प्रदर्शन संपल्यावर पुसून टाकतात का? तसं असेल तर ते मला फारच लागलं. गाव जातं तसं चित्रही जातं.

वर्धाकाठ
९ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

हो, भिंतीवरचं बऱ्याचदा प्रदर्शनापुरतंच असतं. कागदावरची, कॅनव्हासवरची कामं वेगळी राहतात.

थेम्सकाठी_पुणेकर
९ नोव्हेंबर, दुपारी ३:४८

मी १२ वर्षं लंडनमध्ये आहे. दोन गोष्टी सांगते, एक स्वतः बघितलेली.

डिसेंबर २०१८ मध्ये ओलाफुर एलियासन या कलाकाराने ग्रीनलंडच्या खाडीतून, हिमनदीपासून आधीच तुटून समुद्रात तरंगत असलेल्या बर्फाच्या शिळा आणून टेट मॉडर्न या कला संग्रहालयाच्या बाहेर ठेवल्या होत्या, २४ शिळा, भूशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग त्यांच्या बरोबर होते. आधी २०१४ ला कोपनहेगनमध्ये आणि २०१५ ला पॅरिसमध्ये हवामान परिषद चालू असताना हेच केलेलं. मी ऑफिसातून परत येताना गेले. लहान मुलं बर्फाला मिठी मारत होती, एका शिळेला कान लावला तर आत बारीक तडतड ऐकू येत होती, फोडणीत मोहरी उडते ना तशी, ती हजारो वर्षांपूर्वी अडकलेली हवा सुटत होती. मी हात ठेवला तिथे हाताचा ठसा वितळला. बातम्यांत इतकी वर्षं हिमनद्या वितळतायत ऐकत होते पण त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. यातही एक भूदृश्यच होतं, फक्त ते चौकटीत नव्हतं, तुकडा उचलून समोर ठेवलेला.

दुसरी गोष्ट जुलै २०२२ ची. नॅशनल गॅलरीत जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं १८२१ चं 'द हे वेन' हे चित्र आहे, ओढ्यात उभी गाडी, झाडं, ढग, इंग्रज माणसाच्या मनातलं गाव म्हणजे हे चित्र. तेल-विरोधी आंदोलनातल्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी त्याच्यावर छापील कागद चिकटवले, त्यात तेच दृश्य पण ओढ्याच्या जागी डांबरी रस्ता, आकाशात विमानं, झाडं वाळलेली. आणि स्वतःचे हात चौकटीला चिकटवले. मी तेव्हा चिडले होते, चित्राला काही झालं असतं तर. अजूनही जुन्या कामाला हात लावू नये असंच मला वाटतं. पण मुद्दा तुमच्या विद्यार्थिनीचाच होता बघा, फक्त उलट्या दिशेने, तिने जेसीबी पुसला आणि यांनी तो परत आणून चिकटवला.

काळी_आई
९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

मी शेतकरी आहे, धाराशिव जिल्हा. चित्रकलेतलं मला कळत नाही पण फोटोतलं कळतं, कारण आमचे फोटो फार काढतात.

आमच्या भागावर काही आलं की एकच फोटो येतो, भेगाळलेली जमीन आणि वर बघणारा म्हातारा. पोस्टरवर तोच, प्रदर्शनात तोच, पुस्तकाच्या कव्हरवर तोच. अहो काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच, चांगलं पीक आलेल्या सालीपण पडतात, जमीन तापते, भेगाळते आणि पहिल्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून खोल जातं. आम्हाला त्या भेगांची भीती नाही. दुष्काळ बघायचा असेल तर दावणीला जनावर नसलेला गोठा बघा, टँकरच्या वाटेवर रांगेत ठेवलेल्या घागरी बघा. २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणलं मिरजेहून, ते तरी सगळ्यांनी बघितलं.

आणि आता तर दुष्काळापेक्षा पाणीच मारायला लागलंय. याच वर्षी सप्टेंबरात, २०२५ च्या, आमच्याकडे पाऊस झाला तो मी ५४ वर्षांत बघितला नाही. दुरून फोटो काढला तर सगळं हिरवंगार, कुणाला वाटेल काय सुंदर गाव आहे. जवळ गेलं की सोयाबीनच्या शेंगा काळ्या पडलेल्या, दाण्याला झाडावरच कोंब फुटलेले, वास यायला लागलेला. नदीकाठच्यांची तर जमीनच खरडून गेली, वरची माती जाऊन खाली गोटे राहिले, आणि ती माती तयार व्हायला किती पिढ्या लागल्या असतील. याचं चित्र कसं काढणार ते मला सांगा. हिरव्या रंगात नुकसान दाखवता येतं का?

कुंचला
९ नोव्हेंबर, रात्री ९:३५

काळी_आई दादा, तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो हिरवा म्हणजे ताजेपणा, पिवळट-तपकिरी म्हणजे कोरडेपणा, दुःख. तुमच्या रानात हा सगळा हिशेबच उलटलाय. लांबून काढलेल्या चित्रात ते दिसणार नाही, जवळ जावं लागेल, एका शेंगेइतकं जवळ. म्हणजे मग ते निसर्गचित्र राहतं की वस्तुचित्र होतं हे मला माहीत नाही, आणि त्याने काही बिघडतही नसेल. तुमच्या परवानगीने हे मी क्लासमध्ये वाचून दाखवणार आहे.

काळी_आई
९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

वाचा की. परवानगी कसली.

धुकट
१० नोव्हेंबर, सकाळी ११:२५

वातावरणशास्त्र हा माझा विषय, म्हणून थोडं वेगळं.

२०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ऑलब्राइट आणि हायबर्स या दोघांचा. टर्नर आणि मोने या जुन्या युरोपीय चित्रकारांची शंभराच्या आसपास चित्रं घेऊन त्यांनी बघितलं की कडा किती स्पष्ट आहेत, रंगांतला फरक किती आहे. लंडन-पॅरिसमध्ये कोळशाचा धूर, म्हणजे गंधकाचं प्रदूषण, जसं वाढत गेलं तशी चित्रं धुकट आणि फिकट होत गेली असं त्यांना आढळलं. मोने १८९९ ते १९०१ या काळात लंडनला जाऊन टेम्सवरचे पूल रंगवत होता, आणि एका सकाळी धुकं नाही बघून तो घाबरला, मग चुली-भट्ट्या पेटल्या, धूर आला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला, असं त्यानेच पत्रात लिहिलंय. कलेच्या काही अभ्यासकांना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं चित्रकाराची शैली बदलते, दृष्टी बदलते, सगळं हवेवर ढकलू नका. मला वाटतं दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

हे सांगायचं कारण, डिसेंबर-जानेवारीत मुंबईत संध्याकाळी सूर्याचा जो मोठा लाल गोळा दिसतो आणि लोक मरीन ड्राइव्हवर उभे राहून फोटो काढतात, त्यातला बराचसा रंग धुळीने आणि धुराने आलेला असतो. हवा जमिनीलगत अडकते, बांधकामाची धूळ, गाड्या, उघड्यावर जळणारा कचरा, सगळं त्यात. माझ्या मुलाला दमा आहे. तो गोळा जितका देखणा तितकी त्या रात्री नेब्युलायझर काढायची तयारी ठेवायची, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. मी ते दृश्य सुंदर नाही असं म्हणू शकत नाही. पण मला ते आता निवांतपणे बघता येत नाही.

खाडीपलीकडे
१० नोव्हेंबर, दुपारी १:४०

धुकट यांचा शेवटचा परिच्छेद वाचून पोटात तुटलं.

ठाण्याचा असल्यामुळे सुधीर पटवर्धनांबद्दल लिहितो. व्यवसायाने रेडिओलॉजिस्ट, कित्येक वर्षं ठाण्यात प्रॅक्टिस, आणि चित्रं रंगवली ती मुख्यतः मुंबई-ठाणे पट्ट्याच्या कामकरी माणसांची आणि शहराच्या विस्कटत्या कडांची. २००१ चं 'लोअर परळ' बघा, गिरण्या, पूल, माणसं, नवे मजले. त्यांच्या काही चित्रांत इमारतींच्या मागे डोंगराची एक चिंधी दिसते, आणि मी त्याच भागात वाढलो असल्यामुळे मला ती चिंधी कोणत्या साली किती उरली होती ते आठवतं. त्यांना कुणी हवामानाचा चित्रकार म्हणणार नाही, ते स्वतःही म्हणणार नाहीत. पण शहर डोंगर कसा खातं ते त्यांनी आपल्याकडे खूप आधीपासून नोंदवून ठेवलंय आणि माणसाला बाजूला न काढता नोंदवलंय.

दुसरं, २००९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या एनजीएमएमध्ये (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) 'सोक' नावाचं प्रदर्शन झालं होतं, अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी चढली, आम्ही सगळे कुठे कुठे अडकलो ते आठवत असेलच. सगळे म्हणाले पाणी शहरात घुसलं. या दोघांनी विचारलं, जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ही रेघ मुळात मारली कुणी? इंग्रजांच्या सर्व्हेवाल्यांनी कोरड्या हंगामात नकाशे काढले, बेट इथे, खाडी इथे, आणि दलदल, मिठागरं, खारफुटी ही जी भिजकी मधली जागा होती तिला नकाशात धड जागाच मिळाली नाही. म्हणून त्यांनी नकाशाऐवजी आडवे छेद काढले, ज्यात भरती-ओहोटी आणि पाऊस दिसतो. मी तिथून बाहेर पडलो तो मुंबईकडे बघायची माझी नजरच बदलून बाहेर पडलो. कुंचला सरांना म्हणून विचारतो, पावसात बसून स्थळचित्र करता का? की सगळी डिसेंबरातलीच?

कुंचला
१० नोव्हेंबर, दुपारी २:१५

सगळी डिसेंबरातली. पावसात कागद भिजतो, रंगाचा पातळ हात (वॉश) वाळत नाही, मुलांचे पालक सोडत नाहीत. म्हणजे आम्हीही कोरड्या हंगामाचे सर्व्हेवालेच झालो की. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सुरंगी
१० नोव्हेंबर, रात्री ९:०५

गोव्याहून लिहितेय. इथे २०२० मध्ये लॉकडाऊन असताना मोलेच्या अभयारण्यातून तीन प्रकल्प एकदम पुढे आले, रेल्वेचा दुसरा रूळ, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी. तेव्हा घरात अडकलेल्या कितीतरी चित्रकार पोरापोरींनी मोलेची चित्रं काढायला सुरुवात केली, गवे, खवले मांजर, धनेश, फुलपाखरं, दूधसागर, जंगलातली माणसं, आणि ती फोनवरून घराघरांत पोचली. बऱ्याच जणांनी मोले कधी बघितलंही नव्हतं. नोव्हेंबरात चांदरला लोक रात्री रुळांवर येऊन बसले तेव्हा हीच चित्रं फलकांवर होती. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. कोर्ट कागदपत्रं आणि समितीचा अहवाल बघून निर्णय देतं, चित्रं बघून नाही, ते मला कळतं. पण त्या जंगलावर माया लावायचं काम चित्रांनी केलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि ती सगळी चित्रं सुंदर होती हो. एकाही चित्रात जेसीबी नव्हता म्हटलं तरी चालेल. त्यामुळे साधं सुंदर निसर्गचित्र काढणं म्हणजे खोटेपणाच, असं कृपा करून ठरवू नका.

तारपा
१० नोव्हेंबर, रात्री १०:३०

डहाणूकडचा आहे, घरात वारली चित्रं काढतात. मला एक विचारायचंय, निसर्गचित्र हा वेगळा प्रकार तुम्हाला लागतोच कशाला?

आमच्या चित्रात क्षितिजाची रेघ नसते. शेत, माणूस, मुंगी, ताडाचं झाड, मासे धरायचं जाळं, लग्नाचा चौक, सगळं एकाच भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने. लांब उभं राहून देखावा बघणारा कुणी त्यात नाही. जिव्या सोमा म्हसे यांचं जाळ्याचं चित्र बघा, अख्खं पटल भरून जाळंच पसरलंय आणि त्याच्या कडेला इवलासा माणूस. ते २०१८ ला गेले. २००३ मध्ये रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराबरोबर त्यांचं काम जर्मनीत डुसेलडॉर्फला एकत्र मांडलं होतं. लाँग चालत जाऊन दगडांची वर्तुळं करतो, जमिनीवर चालून चालून रेघ उमटवतो. त्या दोघांचं जुळलं याचं मला नवल वाटत नाही.

हल्ली आमच्या पोरांच्या चित्रांत उंच क्रेन आणि बोटी यायला लागल्यात. वाढवणला बंदर मंजूर झालं, २०२४ ला पायाभरणीही झाली. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे तरी. विरोध करणारे आहेत, नोकऱ्या येतील म्हणणारेही आहेत, दोघंही आमच्याच घरातले. पण क्रेन चित्रात घ्यायची का हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही. जे आहे ते भिंतीवर येतं.

रंकाळवेस
११ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

तारपा भाऊ, नमस्कार तुम्हाला. लांब उभा राहून बघणारा, यावर मी रात्रभर विचार करत होतो.

अनुस्वार
११ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

मला एक शंका आहे ती मांडते. एडवर्ड बर्टिन्स्की नावाचे कॅनडाचे फोटोग्राफर आहेत, खाणी, तेलविहिरी, कचऱ्याचे डोंगर यांचे खूप उंचावरून काढलेले भलेमोठे फोटो. इतके देखणे की पहिल्यांदा बघताना गालिचा वाटतो, मग कळतं की ही विषारी गाळाची तळी आहेत. मी ते बघितले तेव्हा हरखून गेले आणि नंतर स्वतःचाच राग आला. ते फोटो श्रीमंत लोकांच्या भिंतीवर लागतात. नुकसान इतकं सुंदर करून दाखवणं बरोबर आहे का? वर्धाकाठ ताई, तुमच्या घरामागच्या ओबीचा असा फोटो कुणी काढला तर?

वर्धाकाठ
११ नोव्हेंबर, दुपारी १:५५

काढू देत. खाण केवढी मोठी आहे हे जमिनीवरून कधीच दिसत नाही, कुंपणाच्या आत आम्हाला सोडतात कुठे. वरून बघितल्यावरच कळतं की गाव तिच्या कडेला चिकटलेला एक ठिपका आहे. पण तेवढ्यावर थांबू नये असं मात्र मला वाटतं, कारण वरून माणूस दिसत नाही, त्याची वाजणारी भांडी ऐकू येत नाहीत.

मला त्यापेक्षा फिल्मकार अमर कंवर यांचं ओडिशावरचं काम जवळचं वाटतं, 'द सॉव्हरिन फॉरेस्ट'. २०१२ मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात होतं, त्याच वर्षी भुवनेश्वरलाही मांडलं. त्यातल्या फिल्ममध्ये नुसती शांत दृश्यं आहेत, गवत हलतंय, पाणी, झाड, वाट. काहीच घडत नाही. आणि मग कळतं की यातली जवळजवळ प्रत्येक जागा कुठल्या ना कुठल्या उद्योगासाठी संपादनात जायची आहे, म्हणजे आपण नाहीशा व्हायच्या आधीचं रूप बघतोय. बरोबर भाताच्या देशी वाणांची बियाणी मांडलेली, अडीचशेहून जास्त वाण, हाताने बनवलेल्या कागदाची पुस्तकं, जमिनीचे पुरावे. सुरंगी म्हणतात ते इथे पटतं. ते गवत सुंदरच दाखवायला हवं होतं, नाहीतर काय चाललंय ते कळलंच नसतं.

थेम्सकाठी_पुणेकर
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

अगदी. एलियासन यांनीच १९९९ मध्ये आइसलँडच्या हिमनद्यांचे साधे फोटो काढले होते, २०१९ ला परत जाऊन त्याच जागांवरून पुन्हा काढले आणि ३० जोड्या शेजारी शेजारी लावल्या. पहिले फोटो काढताना त्यांना दुसऱ्यांदा यावं लागेल हे माहीत नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओक नावाच्या हिमनदीच्या जागी स्मृतिफलक लावला, ती २०१४ मध्येच मृत ठरवलेली. म्हणून रंकाळवेस म्हणाले तेच परत म्हणते, सर, तुमच्या वीस वर्षांच्या कागदांना जोड्या लावा. त्याच दगडावर बसा.

कुंचला
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आठवडाभर प्रतिसाद दिला नाही कारण आधी क्लासला सामोरं जायचं होतं.

आज रविवार. त्या मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं की जेसीबी खोडायला सांगितला ती माझी चूक होती, तुला वाटलं तर ते चित्र परत काढ. मोठ्यांच्या बॅचमधल्या दोघांना हे आवडलं नाही, मुलांना निसर्गचित्रातून आनंद मिळाला पाहिजे, त्यांच्या डोक्यावर जगाचं ओझं कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचाही मुद्दा आहे, सुरंगी ताईंनी सांगितलेलं मोलेचं मी त्यांना सांगितलं. काळी_आई दादांचं सोयाबीनचं वाचलं तेव्हा मात्र कुणीच काही बोललं नाही, एक काका उठून पाणी प्यायला गेले, त्यांचं गाव परांड्याकडे, धाराशिव जिल्ह्यातच आहे हे मला नंतर कळलं.

मुलीने नवा कागद घेतला. मला वाटलं आधीचंच परत काढेल. तिने डोंगराला चार पायऱ्या काढल्या, आधीच्या चित्रात तीन होत्या, मी मोजल्या होत्या. विचारलं तर म्हणाली सर, दिवाळीच्या सुट्टीत अजून एक झाली. मग रंगवायला बसली आणि झाडांपाशी अडली. हिरवा लावला, पुसला, परत लावला, आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, पानं अशी हिरवी नाहीत सर, त्यांच्यावर क्रशरची धूळ असते, पाऊस पडला की दोन दिवस हिरवी होतात आणि मग परत तशीच. तो रंग कसा करायचा?

वीस वर्षांत मला हा रंग कुणी विचारला नव्हता. आम्ही सॅप ग्रीनमध्ये बर्न्ट अंबर टाकून बघितला, तो वाळलेल्या पानासारखा झाला. पांढरा घातला तर खडूसारखा दिसायला लागला. कुणाला सुचतंय का?

डिसेंबरात मेणवलीला त्याच दगडावर बसणार आहे, केबल आणि पिशवीसकट. आणि जूनमध्ये छत्री घेऊन परत जाणार.

वर्धाकाठ
१६ नोव्हेंबर, रात्री १०:१२

आमच्याकडची झाडं तशीच असतात, म्हणून करून बघितलंय. पानं आधी नीट हिरवी रंगवून पूर्ण वाळू द्या. मग पेन्स ग्रे आणि यलो ऑकर अगदी पातळ करून एकच हात वरून फिरवा, ब्रश दाबायचा नाही, खालचा हिरवा हलता कामा नये. पानाच्या खालच्या बाजूला धूळ कमी बसते, तिथे हिरवा तसाच सोडायचा.

कुंचला
१६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

खालच्या बाजूला सोडायचा. उद्या शाळा सुटल्यावर तिला बोलावतो.